सी-८ चा उंट

आमच्या सांबऱ्यात देवळाच्या कट्ट्यावर म्हातारी माणसं देशी बुद्धिबळ खेळायची. त्यात प्यादं एका वेळी एकच घर पुढे जातं, पहिल्या चालीलाही दोन घरं उडत नाही. किल्लेकोट नाही. राजाला शह बसलेला नसेल तर तो एकदाच घोड्यासारखी अडीच घरं मारतो. आबा, म्हणजे माझे आजोबा, हा खेळ लहानपणीच शिकले होते. पुढे ते एअरफोर्सच्या तळावर मेसमध्ये कामाला लागले. १९४२ साली इंग्रजांच्या हवाई दलानं आमच्या गावाशेजारी धावपट्टी बांधली, तोच हा तळ. तिथं शिकायला येणारी पोरं कुठली कुठली, बंगालची, केरळची. त्यांच्याकडून आबांनी आंतरराष्ट्रीय नियम उचलले.

पण हात देशीच राहिला. काळी मोहरी घेतली की आबा जी-६ करायचे, उंट जी-७ ला बसवायचे, डी-६ करायचे, कोपऱ्यात किल्लेकोट करायचे आणि समोरच्याला मधली सगळी घरं देऊन टाकायचे. मी चिडायचो. "आबा, तो सगळा पट खाऊन बसलाय की!" आबा म्हणायचे, "घाई कशाला करायलास? येऊ दे त्याला. येऊन उभा राहिला की मग बघू."

ह्या बचावाला जग किंग्ज इंडियन म्हणतं, हे मला फार उशिरा कळलं. १८५० च्या सुमाराला कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर महेशचंद्र बंदोपाध्याय या बंगाली खेळाडूबरोबर शेकडो डाव खेळला. महेशचंद्र देशी खेळात वाढलेला. प्यादी एकेक घर सरकवून उंट कोपऱ्याच्या तिरक्या रेषेत बसवायची त्याला सवय होती. युरोपात तेव्हा ही पद्धत विचित्र समजत. 'इंडियन' हे नाव अशा खेळावरूनच आलं असं मानतात. पुढे शंभर वर्षांनी ब्रॉनस्टाइन आणि बोलेस्लाव्स्की यांनी ह्या बचावाला मान मिळवून दिला, फिशर आणि कास्पारोव यांनी तो हत्यारासारखा वापरला. हे वाचलं तेव्हा मला आमचा कट्टा आठवला. आबांचा हात अडाणी नव्हता, जुना होता.

बेळगावातल्या एका शालेय स्पर्धेत मी हा बचाव पहिल्यांदा खेळलो आणि हरलो. कारण ठळक आठवतं. सी-८ चा उंट मी लवकर जी-४ ला नेला, समोरच्याचा घोडा बांधला आणि पुढच्याच चालीला मारून टाकला. उंट देऊन घोडा घेतला, हिशेब सरळ वाटला. मग मी राजाच्या बाजूनं प्यादी पुढे काढली, रान पेटवलं, आणि शेवटचा घाव घालायला माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं. घरी डाव मांडून दाखवल्यावर आबांनी एकच बोट ठेवलं, सी-८ च्या रिकाम्या घरावर. "हा कुठाय?"

त्यानंतर मी ह्याच बचावाचा, अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता इथला १९५३ चा डाव मिळवून पुन्हा पुन्हा मांडला. पांढरी मोहरी नायदोर्फची, काळी युगोस्लाव्हियाच्या ग्लिगोरिचची. मधला पट प्याद्यांनी कुलूप लावल्यासारखा बंद. पांढरा वजिराच्या बाजूनं फोडत येतो, काळा राजाच्या बाजूनं. दोघेही एकमेकांकडे बघत नाहीत, फक्त कोण आधी पोचतो एवढंच. ग्लिगोरिच हत्ती एफ-७ ला घेतो, उंट एफ-८ ला मागं आणतो, जी-फाइलवर वाट मोकळी करतो आणि जी-प्यादं बेधडक पुढे ढकलतो. याला बचाव म्हणतात हेच मला नवल वाटायचं.

सांगलीतल्या एका खुल्या स्पर्धेत तसा डाव खेळायची संधी आली. बेळगावहून मिरजेची पॅसेंजर, कुडचीजवळ कृष्णेचा पूल, मग सांगली. भाऊसाहेब पडसलगीकरांनी घडवलेलं हे बुद्धिबळाचं गाव, तिथं पटासमोर बसताना हाताला घाम यायचाच. समोर माझ्याहून वयानं बरेच मोठे गृहस्थ होते. त्यांनी डी-४, सी-४, ई-४ अशी प्यादी भराभर रोवली. मी आबांसारखा कोपऱ्यात बसलो. मग ई-५. त्यांनी डी-५ करून मधला पट बंद केला आणि मला आतून गार वाटलं. हाच डाव!

एफ-५, एफ-४, जी-५. तिकडे त्यांचं सी-प्यादं आलं, फाइल उघडली, घोडा बी-५ ला उतरला आणि ए-७ चं प्यादं खाऊन थेट माझ्या सी-८ च्या उंटावर आला. प्याद्यासाठी नव्हे, उंटासाठीच आला होता. त्यांनाही ठाऊक होतं की पांढऱ्या घरांचा तो उंट गेला की माझा हल्ला पोकळ. तोवर उंट एकदाही हलला नव्हता. मी तो डी-७ ला सरकवला, फक्त एक घर. प्यादं गेलं ते गेलं.

मग एच-५, जी-४, जी-३. त्यांचा राजा एच-१ ला, उंट जी-१ ला दबून बसला. त्यांनी एच-३ करून दार लावलं. मी घड्याळाकडे पाहिलं, चौदा मिनिटं होती. त्यातली नऊ मी तिथंच घालवली. मग उंट उचलला आणि एच-३ चं प्यादं मारलं. जी-२ च्या प्याद्यानं त्यांनी उंट घेतला, माझा वजीर डी-७ ला आला, आणि पुढच्याच चालीला एच-३ वर शह. आड घातलेला उंट जी-३ च्या प्याद्यानं खाल्ला, घोडा एच-४ ला पोचला. त्यांनी पटाकडे बराच वेळ पाहिलं, घड्याळ थांबवलं आणि हात पुढे केला. बाहेर आल्यावर म्हणाले, "तुम्हाला कुणी शिकवलं हे?" मी म्हटलं, "आमच्या आबांनी."

परतीच्या गाडीत मी नोंदीचा कागद चार वेळा वाचला. घरी पोचेपर्यंत रात्र झाली होती, तरी आबांनी पट मांडायला लावला. डाव पूर्ण दाखवला. एच-३ च्या चालीला ते काही बोलले नाहीत. उंट डी-७ ला सरकवला ती चाल मात्र त्यांनी परत मांडायला सांगितली, आणि मान हलवली.

आबा आता नाहीत. त्यांच्या लाकडी पटाच्या डब्यात तो नोंदीचा कागद घडी घालून ठेवला आहे. कट्ट्यावर अजून दोघं-तिघं देशी डाव मांडतात. तुमच्या गावात असे कुणी असतील, तर पोरांना ॲप लावून देण्याआधी एक संध्याकाळ त्यांच्यासमोर बसवा.