एक किलोमीटरवरचा परदेश

सिंगापूर आणि मलेशियाच्या मध्ये जो कॉजवे आहे ना, तो जेमतेम एक किलोमीटरचा. १९२४ साली सुरू झाला तेव्हा दोन्ही किनाऱ्यांवर इंग्रजांचाच अंमल होता. पुढे १९६३ ते १९६५ हे दोघं एकाच देशात नांदले, मग काडीमोड. तरी १९७३ पर्यंत चलन एकास एक बदलून मिळायचं. आज सिंगापूरच्या एका डॉलरला तीनहून जास्त रिंगिट येतात. रोज पहाटे पलीकडून मोटारसायकलींचा लोंढा का येतो, ते यातच आलं.

आमचा टेस्टिंग लीड त्या लोंढ्यातलाच. जोहोर बारूचा तमिळ, आम्ही सगळे त्याला अण्णा म्हणतो. गेल्या शनिवारी सकाळी सहाला रिलीज होती म्हणून बिचारा आदल्या रात्री ऑफिसच्या सोफ्यावरच झोपला. दहाला सगळं हिरवं झालं, अण्णा हेल्मेट उचलून म्हणाला, "जेवायलाच चला घरी. येता?"

आता 'येता' म्हणजे काय, दुसऱ्या देशात! पण डिसेंबर २०२३ पासून मलेशियाने भारतीयांना व्हिसा माफ केलाय, म्हणून म्हटलं चला. दोघं पासपोर्ट आणायला घरी पळाले, ऑनलाइन फॉर्म मेट्रोत बसून भरले. क्रांजीहून १७० नंबरची बस. वुडलँड्सला उतरा, तपासणी, पुन्हा बस, पूल, पुन्हा उतरा, पुन्हा रांग. पुलाच्या कडेने जाडजूड पाइप दिसतात, त्यातून जोहोरचं पाणी सिंगापूरला येतं. करार १९६२चा, मुदत २०६१पर्यंत. "पाण्याला पासपोर्ट लागत नाही बघ," आमच्यातला पुणेकर म्हणाला. (तो प्रत्येक ठिकाणी काहीतरी म्हणतोच.)

एवढ्या अंतराला आम्हाला दोन तास वीस मिनिटं लागली. शनिवारची गर्दी, दुसरं काय.

काचेचं कालीअम्मन देऊळ पाहिलं, लाकडाच्या भट्टीतला केळ्याचा केक घेतला, ते सगळं छान होतं, फोटो आहेत. पण मला आठवतंय ते अण्णाचं घर. केळीच्या पानावर सांबार-भात, अप्पलम, आणि पहिलीतली मुलगी, जी बापाला सोडतच नव्हती. वहिनी हसत म्हणाल्या, "हिला वाटतं अप्पा फक्त शनिवार-रविवारचेच असतात." अण्णा पावणेपाचला निघतो, रात्री नऊला येतो. दोन्ही वेळा ती झोपलेली.

आम्ही मात्र साडेनऊच्या स्टँडअपला त्याच्या जांभया मोजायचो.

जेवण झाल्यावर अण्णाने हळूच सांगितलं. कंपनीने आठवड्याचे तीन दिवस ऑफिस आता पाच केलेत, हे आम्हाला माहीत होतंच. आम्ही कॉफी पिताना कुरकुर करून मोकळे झालो होतो. त्याला मात्र वुडलँड्सला एक खाट भाड्याने घ्यायची की नोकरी सोडायची, हे महिनाअखेरपर्यंत ठरवायचं होतं. इकडे तोच अनुभव धरून नोकरी मिळेल, पण पगार निम्म्याहून कमी. घराचा हप्ता अजून अकरा वर्षं. वहिनी ताक घेऊन आल्या तसा त्याने विषय बदलला.

परतताना रांगेत कोणी फारसं बोललं नाही. पुणेकरसुद्धा! मग त्यानेच फोन काढला आणि उभ्याउभ्या मॅनेजरला मेल लिहायला घेतली: स्टँडअप साडेदहाला, आणि टेस्टिंगला आठवड्यातून दोन दिवस घरून काम. मी त्यात मागच्या सहा महिन्यांचे बग्जचे आकडे घातले, कारण आमच्या मॅनेजरला भावना कळत नाहीत, आलेख कळतात. पाच जणांची नावं खाली टाकली. अण्णाला फोन करून विचारलं, पाठवू का? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पाठवा. पण मुलीचं काही लिहू नका."

लिहिलं नाही. सोमवारी उत्तर आलं, स्टँडअप साडेदहाला चालेल. दोन दिवसांचं 'वर विचारून सांगतो'. महिनाअखेर येत्या शुक्रवारी आहे.