फ्लॅप जातो तो रिव्हर्समध्ये

पावसाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी मुळशी किंवा मावळाकडून पुण्याला परतणाऱ्या जीपगाड्यांच्या मागे पाच-दहा मिनिटं राहिलं की एक गंमत दिसते. टपापर्यंत चिखल, विंचच्या दोरात अडकलेलं गवत, नंबरप्लेट वाचता येत नाही इतकी माखलेली, आणि मागच्या दोन मडफ्लॅपपैकी एक गायब. त्याच्या जागी वाकलेला ब्रॅकेट आणि प्लास्टिकच्या फेंडरला गेलेला तडा. टपरीवर चहा घेताना मालक सांगतो, पुढे जाताना कुठल्या तरी दगडाला लागलं असणार. बहुतेक वेळा ते तसं नसतं. पुढे जाताना फ्लॅप क्वचितच जातो. तो जातो रिव्हर्समध्ये.

कारण चाकाच्या फिरण्यात आहे. गाडी पुढे चालली असताना टायरची मागची बाजू जमिनीकडून वर उठत असते. म्हणून तर चिखल आणि खडे मागे उडतात आणि ते अडवायला टायरमागे पडदा लागतो. या दिशेने पडदा टायरला घासला, तरी टायर त्याला वर लोटून सोडून देतो. रिव्हर्स टाकला की तीच बाजू वरून खाली धावू लागते. फ्लॅपच्या मागे दगड किंवा मातीचा बांध आला की तो फ्लॅपला टायरवर दाबतो आणि चरकात उसाचं कांडं ओढलं जावं तसा टायर त्याला खाली ओढून घेतो. मग पावणेदोन टनांच्या गाडीचं एक चाक फ्लॅपवर उभं, आणि वरून त्याला धरायला चार स्क्रू. गाडी आणखी हातभर मागे गेली की स्क्रू, क्लिपा, ब्रॅकेट आणि नशीब फिरलेलं असेल तर फेंडरचा तुकडासुद्धा एका झटक्यात बाहेर.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे न जमलेला चढ. लो रेंजमध्ये अर्ध्यापर्यंत चढलेली गाडी चाकं फिरवत थांबते. अशा वेळी वळायला जायचं नसतं, गाडी आडवी झाली तर उलटते. सरळ रिव्हर्स टाकून इंजिनाच्या जोरावर आल्या वाटेने खाली यायचं, हे ऑफ-रोडिंगचं पहिल्या दिवशीचं शिक्षण. पण नाक वर असल्यामुळे वजन मागच्या चाकांवर आलेलं असतं, स्प्रिंगा दबलेल्या असतात आणि सपाट जमिनीवर व्यवस्थित उंच दिसणारा फ्लॅप आता जवळजवळ मातीला टेकलेला असतो. त्यात मागे तंबू, पाण्याचे कॅन, स्टेपनी आणि दोन मित्र असतील तर बोलायलाच नको. फ्लॅपची उंची गॅरेजमधल्या रिकाम्या गाडीवर मोजणाऱ्यांचा अंदाज इथेच चुकतो. गाडी मोहिमेला निघते तशी भरावी आणि मग टेप लावावा.

माहितीपत्रकातला मागचा कोन, म्हणजे डिपार्चर अँगल, पाहून अनेकांना धीर येतो. जिम्नीचा हा कोन ४७ अंश आहे, थारचा छत्तिसेक. पण हा कोन म्हणजे टायरपासून बंपरच्या खालच्या कडेपर्यंतची कल्पित तिरकी रेषा, ती लढाई बंपरची असते. फ्लॅप बंपरच्या बराच अलीकडे, टायरला चिकटून लटकतो आणि त्या रेषेच्या खाली डोकावतो. मागचा बांध बंपरला शिवतही नाही, फ्लॅपला मात्र गाठतो.

मग काढूनच टाकावा की! गोव्यात २०१४पासून पावसाळ्यात भरणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या स्पर्धेत तेच दिसतं. तिथल्या बहुतेक गाड्यांना मडफ्लॅप औषधालाही नसतो, कित्येकांच्या बंपरचे कोपरेसुद्धा कापलेले असतात. पण त्यांतल्या अनेक गाड्या घरून ट्रकवर चढून येतात आणि ट्रकवरच परत जातात. शनिवारी मुलांना क्लासला सोडून रविवारी डोंगरात जाणाऱ्याला तो थाट परवडत नाही. त्याला शंभर किलोमीटर हायवेने घरी यायचं असतं आणि त्याच्या मागे हेल्मेटची काच वर केलेला कुणीतरी मोटरसायकलवाला असतो. जाड खाचांच्या मड टायरमध्ये अडकलेला खडा वेग वाढला की सुटतो. तो समोरच्या चाकाने फेकला तर स्वतःच्याच दाराखालचा रंग खरवडतो, मागच्या चाकाने फेकला तर दुसऱ्याच्या डोळ्याकडे जातो. बिनफ्लॅपची गाडी हायवेवर मिरवणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं बरं नाही.

तसं चिखल अडवण्याचं कौतुक मोटारीच्याही आधीचं. गाडीत आज ज्याला डॅशबोर्ड म्हणतात, ते मुळात घोडागाडीच्या पुढच्या बाजूला ठोकलेलं फळकूट होतं. घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल आतल्या मंडळींच्या कपड्यांवर येऊ नये एवढंच त्याचं काम. घोडा गेला, फळकूट राहिलं आणि त्यावर स्पीडोमीटर आला.

आपल्याकडचा चिखलही एका जातीचा नाही. कोकणात आणि गोव्यात जांभ्याची लाल माती. ती पातळ होऊन उडते, रंगावर डाग ठेवते, पण पाण्याच्या फवाऱ्याने निघते. तिथे फ्लॅपला त्रास देतात ते जांभ्याचे खरबरीत धारदार दगड. घाट चढून वर आलं की बसाल्टपासून तयार झालेली काळी माती. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि मग ती उडत नाही, थापली जाते. टायर आणि फ्लॅपमधल्या फटीत थरावर थर बसतात, फ्लॅप मागे रेटला जातो, त्याचं वजन वाढतं आणि उन्हात तासभर गाडी उभी राहिली की आत वीट तयार. अशा गाडीने रिव्हर्स घेतला तर बांधाचीही गरज नसते, ती वीटच टायरबरोबर फ्लॅपला खाली खेचते. काळ्या मातीच्या पट्ट्यात मधूनमधून उतरून काठीने ती फट मोकळी करणारा माणूस वेडा वाटतो, पण संध्याकाळी त्याचे चारही फ्लॅप जागेवर असतात.

आणि चाकोरी. चाकोरी सोडायची म्हणून घरातून निघालेल्या मंडळींना डोंगरात सगळ्यात जास्त छळते ती ट्रॅक्टरने पाडलेली चाकोरीच. ट्रॅक्टरची चाकं मोठी, त्याच्या चाकोरीत जीप उतरली की पोट मधल्या वरंब्यावर आणि फ्लॅप दोन्ही बाजूंच्या गाळात. पुढे जाता येईनासं झालं की मागून पट्टा लावून गाडी उलटी ओढतात. पट्टा कुठल्या हुकाला लावायचा यावर चार जण वाद घालतात, फ्लॅपकडे कुणाचं लक्ष नसतं. ओढ्यातही तसंच. पुढे जाताना पाणी फ्लॅपला टायरपासून दूर लोटतं, मध्येच घाबरून रिव्हर्स टाकला की तेच पाणी त्याला टायरवर आणून चिकटवतं.

उपाय म्हटले तर सोपे आहेत. जुन्या लँडरोव्हरवाल्यांची पद्धत अजूनही सर्वांत स्वस्त: फ्लॅपच्या खालच्या कडेला दोन भोकं, त्यांत पितळी आयलेट, त्यातून दोरी किंवा बारीक साखळी आणि डोंगरात शिरण्याआधी फ्लॅप मागच्या अंगाला वर दुमडून बंपरला किंवा ब्रॅकेटला अडकवायचा. मागच्या अंगालाच. घाईत टायरच्या बाजूला दुमडलेला फ्लॅप पहिल्याच खड्ड्यात चाक वर आलं की घासून फाटतो. खडीच्या ढिगावर उलटं चढून माल टाकणाऱ्या डंपरांचे मागचे फ्लॅप निरखून पाहावेत. तारेने किंवा साखळीने ते मागे खेचलेले आढळतात. ड्रायव्हरला भूमिती कुणी शिकवलेली नसते, दोन-तीन फ्लॅप पदरचे गेले की ती आपोआप येते.

दुमडायला फ्लॅप मुळात दुमडणारा हवा. कंपनीतून येणारे बरेच फ्लॅप कडक, साच्यातल्या प्लास्टिकचे असतात. शोरूममध्ये ते देखणे दिसतात, कारण ते गाडीच्या अंगाला धरून वळलेले असतात. पायरीसारख्या खडकावरून पुढचं चाक खाली उतरलं आणि फ्लॅप पायरीच्या काठावर टेकला, की मात्र त्याला वाकणं माहीत नसतं, तो सरळ तडकतो. पुढे जाताना फ्लॅप गेल्याची जी थोडी खरी उदाहरणं असतात, ती अशी. म्हणून डोंगरातल्या गाडीला रबर किंवा पॉलियुरेथेन. साखर कारखान्यात बगॅस वाहून नेणारा कन्व्हेयर बेल्ट भंगारात निघाला की त्याचे तुकडे जीपच्या गॅरेजांत पोचतात, आणि त्यांचे फ्लॅप फार टिकाऊ होतात, कारण रबरात कापडाचे थर असतात आणि बोल्टच्या भोकापाशी ते सहजासहजी फाटत नाहीत.

इथेच एक फसगत आहे. फ्लॅप टिकाऊ झाला म्हणजे गाडी वाचली असं नव्हे.

एकदा फ्लॅप गमावलेला माणूस गॅरेजात येऊन पहिली मागणी करतो ती जाड स्टीलच्या बोल्टची. मोठे वायसर लावा, डबल नट टाका, आता हलता कामा नये. मिस्त्री इमानदारीने तसं करतो. पुढच्या खेपेला टायर फ्लॅपवर चढतो, बेल्टचं रबर फाटत नाही, स्टीलचा बोल्ट तुटत नाही, मग फाटायला उरतो तो पत्रा. काही शे रुपयांचा फ्लॅप वाचवायला डेंटिंग-पेंटिंगचं बिल. घरात फ्यूज उडतो म्हणून कुणी त्या जागी जाड तार बसवत नाही (बसवणारे असतात, त्यांच्याकडे अग्निशमन दलही येऊन गेलेलं असतं). फ्लॅप हा गाडीच्या चिखलबाजूचा फ्यूज आहे. तो कुठे तुटायचा हे आधी ठरवून ठेवलं पाहिजे.

माझ्या हाताखालच्या गाड्यांना फ्लॅपच्या बाजूला रुंदीभर अॅल्युमिनिअमची पट्टी असते, म्हणजे ओढ एका भोकावर न येता सगळ्या रबरावर वाटली जाते. गाडीच्या बाजूला मात्र नायलॉनचे बोल्ट. टायरने ओढलं की बोल्टची मान मोडते, पट्टी आणि रबर अखंड निघून येतं, पत्रा जागच्या जागी. डबीत डझनभर बोल्ट पडलेले असतात, दहा मिनिटांत फ्लॅप पुन्हा वर. नायलॉन उन्हाने आणि सायलेन्सरच्या धगीने ठिसूळ होतं, म्हणून दर पावसाळ्याआधी नवे. फ्लॅपच्या मागच्या बाजूला भगव्या रंगाचा पट्टा मारलेला असावा. काळा फ्लॅप काळ्या चिखलात शोधणं किती मनस्तापाचं असतं, ते एकदा अंधार पडताना कळलं.

पत्र्यात थेट सेल्फ स्क्रू मारणं टाळावं. भोकाची उघडी कड चिखल धरून ठेवते आणि तिथून गंज सुरू होतो. जुन्या जिप्सींचे मागचे कोपरे चिमटीत चुरतात, त्यांत अशा भोकांचाही वाटा असतो. भोक पाडावंच लागलं तर कडेला झिंक प्रायमर लावून मगच बोल्ट.

रॅलीवाल्यांचा नियम नेमका उलटा वाटतो. आंतरराष्ट्रीय ऑटोमोबाइल महासंघाच्या नियमांत, फ्लॅप लावायचे तर ते लवचिक प्लास्टिकचे, किमान ४ मिलिमीटर जाडीचे हवेत आणि रिकाम्या उभ्या गाडीत त्यांची खालची कड जमिनीपासून १० सेंटिमीटरपेक्षा वर नको. थारचं पोटच जमिनीपासून २२६ मिलिमीटर वर असतं. त्या गाडीला १० सेंटिमीटरवर लोंबणारा फ्लॅप लावून डोंगरात नेला तर पहिल्या बांधालाच रामराम. पण रॅलीच्या गाडीला मागे यायचंच नसतं. ती स्टेजच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकाच दिशेने पळते आणि तिच्या टायरमागची बाजू सतत वर उठत असते. तिने रिव्हर्स टाकला असेल तर फ्लॅपपेक्षा मोठं काहीतरी बिघडलेलं असतं.

गाडीबाहेर उभं राहून ड्रायव्हरला हाताने वाट दाखवणारा स्पॉटर हा शेवटचा उपाय, आणि फुकटचा. बहुतेक स्पॉटर पुढच्या चाकांसमोर उभे राहतात, तिथे फोटोही चांगले येतात. रिव्हर्स लागला की त्याने गाडीला वळसा घालून मागे, पण चाकांच्या रेषेबाहेर, उताराची बाजू सोडून उभं राहावं आणि फक्त दोन फ्लॅपांची खालची टोकं पाहावीत. टोक मातीला लागून आत वळू लागलं की हात वर. ड्रायव्हरने थांबायचं, वीतभर पुढे यायचं. टायर पुढे फिरला की त्याने गिळायला घेतलेला फ्लॅप तोच परत ओकून देतो.

मग उतरून फ्लॅप वर बांधायचा, जो खरं तर सकाळी डांबरी सोडतानाच बांधायचा होता. आणि संध्याकाळी घाटाखालच्या टपरीवर चहा येईपर्यंत दोऱ्या सोडून, फटीतली माती काठीने पाडून तो पुन्हा खाली सोडायचा. दोरीचं टोक तिथेच लोंबत ठेवलं तर हायवेला ते चाकात जातं. ते कापून टाकावं किंवा खिशात घालावं.