दुसरी सही

जानेवारी २०२५ च्या आरंभी भोपाळहून बारा कंटेनर रात्रीच्या बंदोबस्तात निघाले आणि पीथमपूरला येऊन पोहोचले. युनियन कार्बाइडच्या बंद पडलेल्या कारखान्यातील सुमारे ३३७ टन विषारी कचरा त्यांत होता. वायुकांडाला तेव्हा चाळीस वर्षे उलटून गेली होती. पीथमपुरात बंद पाळला गेला, रस्ते अडवले गेले. इंदूरच्या आमच्या आप्तेष्टांचे दूरध्वनी येऊ लागले, "हे आमच्याच उशाशी का म्हणून?" पुढे उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली जून २०२५ अखेर तो कचरा जाळून झाला.

आप्तेष्टांचा प्रश्न रास्तच होता. आमच्या मनात मात्र दुसराच प्रश्न घोळत राहिला. हे विष जेव्हा कचरा नव्हते, निव्वळ कच्चा माल होते, तेव्हा 'हे असे चालणार नाही' असे म्हणणारे कोणी होते की नाही? होते. मग ते एकटे का पडले?

२ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्रीची हकिकत वाचकांना ठाऊक आहे. ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले आणि सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट झोपलेल्या शहरावर पसरले. भरपाईसाठी शासनाने मान्य केलेल्या मृत्यूंची संख्याच पुढे पाच हजारांवर गेली. पीडितांच्या संघटना खरा आकडा याच्या कितीतरी पट मानतात. आम्ही त्या वेळी नुकतेच राज्यसेवेत लागलो होतो, भोपाळपासून दूरच्या जिल्ह्यात. पुढील कित्येक वर्षे कामानिमित्त भोपाळला जाणे होई आणि त्या रात्रीविषयी काही ना काही कानी पडे. पण आम्हाला अस्वस्थ करतात ते त्या रात्रीच्या आधीचे दिवस.

कीटकनाशकाची विक्री मंदावली होती. कारखाना तोट्यात होता. तेव्हा काटकसर सुरू झाली. काटकसर हा शब्द आपल्या मराठी घरांत किती आदराने उच्चारला जातो! परमुलखात आलेल्या आपल्या आज्या-पणज्यांनी संसार उभे केले ते काटकसरीवरच. इथली काटकसर निराळी होती. त्या विभागातील एका पाळीचे कामगार बारांवरून सहांवर आणले गेले. टाक्या थंड राखणारी शीतकरण यंत्रणा जून १९८४ पासून बंद ठेवण्यात आली. गळणारा वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची गंजलेली नळी काढली होती, ती पुन्हा बसवली गेली नाही. यांतली एकही गोष्ट आपोआप घडली नाही. प्रत्येकीमागे कोणाचा तरी आदेश होता, त्यावर कोणाची तरी सही होती, आणि सही करणारा माणूस बहुधा सुशिक्षित, कुटुंबवत्सल आणि कामात चोख असणार. दुष्ट माणसे शोधू गेलो तर फारशी हाती लागणार नाहीत, असे आमचे मत आहे.

इशारे नव्हते असेही नाही. डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला. मे १९८२ मध्ये मूळ अमेरिकन कंपनीच्याच तज्ज्ञांनी येऊन सुरक्षेतील उणिवा लेखी नोंदवल्या. त्या मृत कामगाराचे मित्र राजकुमार केसवानी हे भोपाळमधले तरुण पत्रकार. रसायनशास्त्राचा त्यांचा काही अभ्यास नव्हता. त्यांनी महिनोन्महिने कागद जमवले, तांत्रिक पुस्तके वाचली आणि सप्टेंबर १९८२ पासून 'रपट' या आपल्या छोट्या साप्ताहिकात एकामागून एक लेख लिहिले, की हे शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसले आहे. कोणी हलले नाही. त्याच वर्षी डिसेंबरात विधानसभेत प्रश्न विचारला गेला, तेव्हा मंत्र्यांनी उत्तर दिले की पंचवीस कोटींचा कारखाना म्हणजे काही धोंडा नव्हे, इथून उचलून तिथे ठेवायला. जून १९८४ मध्ये केसवानींनी 'जनसत्ता'त पुन्हा लिहिले. तेव्हाही शांतताच. दुर्घटनेनंतर १९८५ मध्ये त्यांना पत्रकारितेचा गोएंका पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये करोनाने त्यांचे निधन झाले. आपला अंदाज खरा ठरल्याबद्दल मिळालेला पुरस्कार हाती घेताना त्या माणसाला काय वाटले असेल, हे आमच्याने कल्पवत नाही.

वायुकांडाच्या रात्रीचे धैर्य आपल्याला चटकन ओळखू येते. भोपाळच्या स्थानकावर उपअधीक्षक गुलाम दस्तगीर आणि त्यांचे सहकारी जागा सोडून गेले नाहीत. कर्तव्यावर प्राण गेलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांचे स्मारक तिथे आहे, आणि ते असायलाच हवे. पण दिवसाच्या धैर्याचे स्मारक कुठे उभारणार? काहीच घडलेले नसते. कारखाना चालू असतो, पगार होत असतात, आणि एक माणूस 'थांबा' म्हणतो. त्याचे ऐकले तर अनर्थ टळतो, आणि टळलेला अनर्थ कोणाला दिसत नाही. न ऐकले तर तो कटकट्या ठरतो.

आपल्याकडे अशा प्रसंगी रामशास्त्र्यांचे नाव निघते. भर दरबारात राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री आम्ही बालपणी स्नेहसंमेलनांतून इतक्या वेळा पाहिले आहेत की, नैतिक धैर्य म्हणजे एकट्याने उभे राहून केलेले खणखणीत भाषण, अशी समजूत घट्ट झाली आहे. पडदा पडल्यानंतरचा भाग कोणी दाखवीत नाही. शास्त्रीबुवा पुणे सोडून गेले, पण बारभाईंनी राघोबांना दूर सारल्यावर त्यांना सन्मानाने परत न्यायासनावर बसवले. म्हणजे त्यांच्या शब्दामागे पुढे दुसरे कोणी उभे राहिले. केसवानींच्या मागे वेळेत कोणी उभे राहिले नाही. धैर्यात ते तसूभरही कमी नव्हते.

एक लहानसा प्रसंग सांगतो. नव्वदच्या दशकात माळव्यातल्या एका जिल्हा कार्यालयात आम्ही होतो. रंग तयार करणाऱ्या एका कारखान्याला विस्तारासाठी ना-हरकत हवी होती. मालक सज्जन म्हणून ओळखले जात. आमच्या तिथल्या महाराष्ट्र समाजाच्या गणेशोत्सवाला त्यांची वर्गणी सर्वांत मोठी. प्रकरण ज्यांच्या मेजावर होते ते बडे बाबू मराठी होते आणि उत्सव समितीचे सदस्यही. आमच्याकडे फाइलला नस्ती म्हणतात आणि तिच्यावरचा सर्वांत भित्रा शेरा 'चर्चा करें' हा. एवढे लिहून त्यांना नस्ती वर ढकलता आली असती. त्यांनी लिहिले, की प्रस्तावासोबत प्रदूषण मंडळाची संमती नाही, आणि नाल्याच्या खालच्या अंगाला दोन गावांच्या विहिरी आहेत.

लेखी टिपणाचा गुण असा की वरच्या माणसाचे 'मला ठाऊक नव्हते' हे वाक्य ते काढून घेते. म्हणूनच ते लिहिणारा नकोसा होतो. समितीतल्या ज्येष्ठांनी बाबूंना घरी बोलावून समजावले, की आपण इथे चार घरे, सांभाळून राहावे. ते कागद मागे घेईनात. आठवडाभर नस्ती हलली नाही. मग एका कनिष्ठ अभियंत्याने, उज्जैनकडच्या माळवी गृहस्थाने, टिपणाखाली दोन ओळी लिहिल्या : सहमत. मी विहिरी पाहिल्या आहेत.

आमच्याकडे नस्ती आली तेव्हा तिच्यावर दोन सह्या होत्या; आम्ही तिसरी केली. तिसऱ्या सहीला फारसे धैर्य लागत नाही. चौथी तर आपोआप होते. मालकांनी चार महिन्यांत सांडपाण्याच्या टाक्या बांधल्या, मंडळाची संमती आणली आणि विस्तार झाला. कारखाना बुडाला नाही. बाबूंना त्यानंतर कोणी मुद्दाम शाबासकी दिल्याचे आम्हाला स्मरत नाही, आणि अभियंत्याची वर्षभरात बदली झाली, ती नेहमीची की आणखी कशी, कोण जाणे.

त्या वर्षी गणेशोत्सवाला मालकांची वर्गणी आली नाही. इंदूरहून बोलावलेल्या नाटकाचा बेत रद्द करावा लागला आणि समितीतले दोघेजण बाबूंशी बोलेनासे झाले. दहाही दिवस घरच्याच मंडळींनी भजने म्हटली. पेटीवर बाबू होते.