शिबिरासाठी तंबू घेताना

आठवी-नववीच्या मुलामुलींचे दोन दिवसांचे शिबिर यंदा डिसेंबरात असीरगडच्या पायथ्याशी घ्यायचे ठरले आहे. गड आपल्या बुऱ्हाणपूरपासून सुमारे २० किलोमीटरवर. तो संरक्षित स्मारक असल्याने मुक्काम खाली, एका शेतात, मालकाच्या परवानगीने होईल. जागा मिळाली, प्रश्न उरला निवाऱ्याचा. वर्गणी वाढली की काही मुले ‘घरी काम आहे’ असे सांगून नाव काढून घेतात, हे आम्हा शिक्षकांना ठाऊक आहे. म्हणून पैशांपायी एकही मूल मागे राहू नये, ही आमची पहिली अट होती.

बुऱ्हाणपूरला तंबूंचे नवल नाही. १६८१ साली दक्षिणेच्या स्वारीवर आलेल्या औरंगजेबाचा तळ इथेच पडला होता. बादशहासाठी तर तंबूंचे दोन संच असत, एक पुढच्या मुक्कामी आधीच उभा होई. आम्हाला एकच संच हवा होता, तोही स्वस्त!

आमच्यापुढे तीन मार्ग होते. टेंट हाऊसचा शामियाना दरवर्षी भाड्याने आणावा लागतो, शिवाय गाडी आणि माणसे वेगळी. ताडपत्रीचे पाल सर्वांत स्वस्त. पण दोन्ही तोंडे उघडी, थंडीत मुले कुडकुडतील. तिसरा मार्ग घुमटाकार तयार तंबूंचा. ते हलके असतात आणि मुले स्वतः उभारू शकतात. एकदा घेतले की पुढची काही वर्षे वापरता येतात, त्यामुळे एका शिबिरावर सगळा बोजा पडत नाही.

दुकानात मागावर काम करणारे एक पालक आमच्यासोबत आले होते. त्यांनी कापड उजेडात धरले. बारीक चौकटी दिसल्या, म्हणजे ठरावीक अंतरावर जाड धागा. असे कापड फाटले तरी चीर पुढे सरकत नाही. पाणी मात्र बहुधा शिवणीतून येते, म्हणून आतून पट्टी चिकटवलेली पाहून घेतली. डिसेंबरात आपल्याकडे मुसळधार पाऊस नसतो. त्यासाठीचे महाग तंबू आम्ही सोडले. दुपदरी छत आणि वारा खेळायला झरोका मात्र सोडला नाही. सकाळी तंबू आतून ओला दिसतो, तो गळत नसतो. आपल्याच श्वासाची वाफ थंड कापडावर जमते.

‘चार जणांचा’ तंबू पिशव्यांसह तिघांचाच होतो. असे आठ तंबू घेतले : पाच मुलांसाठी, तीन मुलींसाठी. खाली ताडपत्री, तळापेक्षा थोडी लहान. बाहेर डोकावली तर पाणी साचते.

मुलांनो, दोन नियम पाठ करा. तंबूत मेणबत्ती, कंदील, शेगडी चालणार नाही. आगीइतकाच कोंडलेल्या धुराचा आणि विषारी वायूचा धोका असतो. आणि ओला तंबू कधीही गुंडाळून ठेवायचा नाही, बुरशी येते.

येत्या शनिवारी शाळेच्या मैदानावर तंबू उभारण्याचा सराव आहे. पालकांनी आणि विश्वस्तांनी अवश्य यावे. वर्गणीची अडचण असल्यास वर्गशिक्षकांना सांगावे. ही गोष्ट त्यांच्यापाशीच राहील. कुणाकडे जादा सतरंज्या किंवा चादरी असतील, तर त्या दोन दिवसांसाठी द्याव्यात, ही विनंती.