पाय अडतात तेव्हा

वडगावात मागाचा आवाज नसलेली गल्ली आता सापडते, आमच्या लहानपणी सापडत नव्हती. बाबांचा जन्म त्या खटखटीतच गेला. पार्किन्सनने हात थरथरू लागला, ते त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. पाय अडायला लागले तेव्हा मात्र खचले. स्वयंपाकघराच्या दारात आले की तळवे फरशीला चिकटायचे, नुसती टाच थरथरायची. आणि हेच बाबा माडीचा जिना सरळ चढून जायचे! सोंग करतात, असंही कुणीकुणी बोललं.

फिजिओथेरपीच्या बाईंनी उलगडा केला. एरवी चालणं आपोआप होतं. ते चालू ठेवणारा मेंदूचा भाग या आजारात मंदावतो. पण डोळ्यांना खूण दिसली किंवा कानाला ठेका मिळाला, की मेंदू दुसऱ्या वाटेने पाऊल उचलून घेतो. जिन्याची पायरी ही अशी खूणच. पुण्याच्या मिलेहा सोनेजी या डिझायनरने आपल्या काकांचं हेच हेरून जमिनीवर पायऱ्यांचं चित्र अंथरलं, आणि काका त्यावरून न अडता चालले. २०१५ मधलं तिचं भाषण धाकट्याने बाबांना मोबाईलवर दाखवलं.

आम्ही त्याहून सोपं केलं. खोलीपासून न्हाणीपर्यंत, एकेका पावलाच्या अंतरावर, आडव्या पिवळ्या पट्ट्या. चिकटपट्टी पाण्याने सुटून पायात यायला लागली, म्हणून शेवटी ऑइलपेंट. ठेक्यासाठी मोबाईलवर टिकटिक लावून दिली, पण ती बाबांना सोसेना. ते तोंडातल्या तोंडात 'खट्‌-खटाक्‌' म्हणत मागाच्या चालीवर निघतात. बाईंनाही ते पटलं.

पट्ट्या गोळीची जागा घेत नाहीत, हेही खरं. गोळीचा असर उतरला की बाबांचा ठेकाही फारसा चालत नाही. वळताना जागच्या जागी गिरकी नको, मोठा फेर घ्यायचा. चालताना बोलायचं नाही, हातात काही धरायचं नाही. पाय अडला की थांबायचं, अंगाचा भार एका पायावर घ्यायचा, मग दुसरा लांब टाकायचा. यात सगळ्यात अवघड काम घरच्यांचं: हात धरून ओढायचं नाही, "चला, चला" म्हणायचं नाही. घाई केली की पाय आणखीच अडतात.

आषाढात मंगाईच्या यात्रेला गर्दी व्हायच्या आत निघालो, सकाळच्या गोळीनंतर तासाभराने. एका बोळाच्या तोंडाशी बाबा अडले. मागून कुणीतरी म्हणालं, "सरका की आजोबा."

"थांब की रे," बाबा मागे न बघता म्हणाले, "देवी कुठं पळून जात नाही."