डावा डोळा

शाळेत माझे एक टोपणनाव आहे. ते मला ठाऊक नाही अशी मुलांची समजूत आहे आणि ती मी आजवर मोडलेली नाही. मी व्हरांड्यातून येऊ लागले की वर्गातून दबका आवाज उठतो, "आली रे, ललिता पवार!" आणि पुढच्या क्षणी सगळा वर्ग चिडीचूप! गंमत अशी की, असे म्हणणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांनी ललिता पवारांचा एकही चित्रपट पाहिलेला नाही. वरच्या वर्गाची जुनी पुस्तके खालच्या वर्गाकडे यावीत, तसे हे नाव वर्षानुवर्षे खाली येत राहिले आहे. कजाग बाईला आपल्या घरांतून हेच नाव मिळते.

पूर्वी मला त्याचा राग येई. नंतर हसू येऊ लागले. गेल्या स्नेहसंमेलनापासून मात्र दोन्ही येत नाही. त्याचे कारण सांगायचे आहे.

ललिताबाईंना मी प्रथम पाहिले ते मंथरेच्या वेषात. साल १९८७. मी सहा-सात वर्षांची असेन. रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'रामायण' लागे आणि आमच्या आळीत टीव्ही एकाच घरी. आम्ही सगळे तिथे जमत असू. राम दिसला की आजी हात जोडी आणि मंथरा दिसली की बोटे मोडी. "मेलीचा डोळाच बघा," ती म्हणे, "मनातलं पाप डोळ्यात उतरलंय." मला ते पटे. तो बारीक झालेला डावा डोळा रात्री माझ्या स्वप्नात येई.

पुढे तीन-चार वर्षांनी आमच्याही घरी टीव्ही आला आणि एका संध्याकाळी त्यावर १९५९ सालचा 'अनाडी' लागला. त्यात मिसेस डिसा म्हणून एक घरमालकीण आहे. तोंडाने राज कपूरवर सारखी खेकसायची आणि मनातून त्याच्यावर पोटच्या पोरासारखी माया करायची. ती मरते तेव्हा आजीने पदर डोळ्यांना लावला. मग एकाएकी पदर खाली घेऊन तिने विचारले, "अगं, ही तीच का गं?"

"तीच," आई म्हणाली.

आजी बराच वेळ काही बोलली नाही. डोळाही तोच होता ना!

त्या डोळ्याची हकिकत मला मोठेपणी वाचायला मिळाली. येवल्यात १९१६ साली जन्मलेली अंबा सगुण ही मुलगी १९२८ साली, बारा वर्षांची असतानाच मूकपटात आली. पुढे ती ललिता पवार या नावाने नायिका झाली. दिसायला देखणी, बोलपट आल्यावर गाणीही म्हटली, १९३८ साली 'दुनिया क्या है' हा चित्रपटही काढला. आणि १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात सहनटाचा हात जरा जास्तच जोरात बसला. डोळ्याजवळची शीर फुटली, चेहऱ्याच्या एका बाजूवरून वारे गेले. लांबलचक उपचार झाले. पण डावा डोळा बारीक झाला तो झालाच. वय अवघे सव्वीस. जिचे भांडवलच चेहरा, तिने त्या दिवसांत आरशात कसे पाहिले असेल, हा विचार मनात आला की मला पुढे वाचवत नसे.

नायिकेची कामे गेली. मग 'रामशास्त्री'तली आनंदीबाई, 'दहेज'मधली सासू अशी कामे आली. ती देणाऱ्यांना तो डोळा हवा होता, हे उघड आहे. पण ललिताबाईंनी तेवढ्यावर भागवले नाही. 'श्री ४२०'मध्ये त्यांनी केळीवाली गंगामाई केली, मग मिसेस डिसा, मग 'मेमदीदी'. त्याच डोळ्यातून कधी विष, कधी वात्सल्य! मिसेस डिसासाठी त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, १९६१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९९८ साली पुण्यात त्यांचे निधन झाले, तोवर त्यांची जवळजवळ सत्तर वर्षे या कलेत गेली होती. लोकांना वाटले, तो डोळा काम करतो. काम ती बाई करीत होती.

हे सारे मला ठाऊक होते. ठाऊक असूनही मी चुकले.

गेल्या स्नेहसंमेलनात आम्ही रामाच्या वनवासाचा प्रवेश बसवला. माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगी आहे. लहानपणीच्या दुखण्याने तिचे तोंड एका बाजूला ओढले गेले आहे आणि एक पापणी अर्धी मिटलेली असते. भूमिका वाटताना माझी नजर वर्गावरून फिरली, तिच्यावर थांबली आणि मी म्हणून गेले, "तू मंथरा."

सुट्टीत ती टेबलापाशी येऊन उभी राहिली. "बाई, मला मंथरा चेहऱ्यामुळे दिलीत का?"

"छे गं! तुझा आवाज चांगला आहे म्हणून," मी म्हटले. तिचा आवाज मी तोवर नीट ऐकलाही नव्हता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत. उठून पहिली कादंबरी काढली. तिच्यातली दुष्ट सावकारीण तिरळी आहे. दुसरीतला दिवाणजी लंगडा. वाचकाला माणूस वाईट आहे हे सांगायला मला इतकी सोपी खूण पुरली होती! बोटे मोडणाऱ्या आजीला मी मागासलेली समजत होते. पण तिने निदान मिसेस डिसा पाहून आपले मत बदलले होते.

दुसऱ्या दिवशी मी तिला खरे सांगितले आणि म्हटले, "तुला हवी तर कौसल्या घे."

ती जरा वेळ खाली पाहत राहिली. मग म्हणाली, "मंथराच करते. पण पाठ वाकवणार नाही. आणि ओरडणार पण नाही."

प्रवेशात तिने कैकेयीचे केस विंचरले. मंथरा ही कैकेयीच्या माहेराहून आलेली दासी, हे मी तालमीत एकदाच सांगितले होते. तेवढे धरून ती पोर इतक्या मायेने, इतक्या हळू बोलली की पुढच्या रांगेतल्या बायाही वाकून ऐकू लागल्या. आपल्या राणीचे भले करायला निघालेली बाई अयोध्येचा नाश कसा करते, हे मला त्या दिवशी नव्याने कळले. आणि आवाज खरोखरच चांगला होता.

तिने मला क्षमा केली की नाही, हे मी विचारलेले नाही. तो प्रश्न विचारून तिच्याकडून "हो" वदवून घेणे, हीदेखील एक जबरदस्तीच झाली असती.

परवा दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा तास होता. व्हरांड्यातून जाताना ती ओळखीची कुजबुज पुन्हा कानी आली. मी दारात थांबले आणि म्हटले, "मुलांनो, सुट्टीत 'अनाडी' पाहून या."

वर्ग नेहमीसारखाच चिडीचूप झाला. फक्त खिडकीजवळच्या बाकावर कुणीतरी हसले. तिकडे मी मुद्दामच पाहिले नाही.