कास्तकाराची वंशावळ : अल्लीपुरातील एका घराण्याचा माग

वर्धा जिल्ह्यात शेतकरी घराण्याची वंशावळ बहुधा सरकारी अर्जासाठी लिहिली जाते. मुलीला राखीव जागेवर अभियांत्रिकीला प्रवेश हवा असतो, त्यासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते, आणि इतर मागासवर्गीयांच्या बाबतीत १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा जोडावा लागतो. पुरावा आजोबांचा असेल तर ते आजोबा आपलेच, हे दाखवायला वंशावळ. हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूर येथील प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाचा शोधही पुतणीच्या अशाच अर्जापासून सुरू झाला. लेखकाच्या आजोबांचे नाव शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात जातीसह सापडले आणि काम तिथेच संपायला हवे होते. पण त्या ओळीत आजोबांच्या वडिलांचे जे नाव होते, ते घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जाणाऱ्या नावाहून निराळे निघाले. अर्ज मंजूर झाला, मुलगी कॉलेजात गेली. या एका नावाचा निकाल लागायला मात्र पुढचे चार उन्हाळे गेले.

घरातली तोंडी वंशावळ तीन पिढ्यांपलीकडे सहसा जात नाही, आणि याला कारण आहे. श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा एवढ्यांचीच नावे घेतली जातात. अक्षय तृतीयेला घागर भरतानाही तेवढीच आठवतात. चौथा पुरुष त्या यादीतून गळतो आणि त्यापलीकडचे सगळे मिळून ‘मूळ पुरुष’ होतात. या घराण्याच्या मूळ पुरुषाची गोष्ट अशी होती : छप्पन्नच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० साली, तो वर्धा नदी ओलांडून वऱ्हाडातून एका बंडीत बायकामुले आणि बियाण्याची गोणी घालून आला, आणि त्याने पडीत मोडून वावर केले. अशी गोष्ट नांगर धरणाऱ्या जवळपास प्रत्येक घराण्यात असते. राणी कॅथरीनच्या १७६३ च्या जाहीरनाम्यानंतर रशियात व्होल्गा नदीकाठी वसलेल्या जर्मन शेतकऱ्यांच्या वंशजांतही गाडी, बैल किंवा घोडा, आणि ओसाड जमीन यांचीच गोष्ट सांगितली जाते. त्यांना ती पडताळता येते, कारण चर्चच्या वह्यांत बाप्तिस्मा, लग्न आणि दफन या तिन्ही नोंदी नावानिशी असतात, आईचे नावसुद्धा. कुणब्याच्या जन्माची अशी दखल घेणारे देऊळ नव्हते. त्याची दखल घेतली ती साऱ्याने.

म्हणून शोध साऱ्याच्या कागदांतून करावा लागतो, आणि त्याआधी मुलुख कोणत्या साली कोणाच्या ताब्यात होता हे माहीत असावे लागते. नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढला. त्याचे मुख्य ठाणे आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ मध्ये ते पालकवाडी या खेड्याच्या जागी वसवलेल्या वर्ध्याला आले. याच दशकात जिल्ह्याचा पहिला नियमित बंदोबस्त, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवण्याचे काम, झाला. त्याआधी गावाचा पाटील सरकारशी साऱ्याचा ठराव करी आणि पडीत जमीन कौलाने लावून देई. पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग दरसाल थोडा चढा, असा ‘इस्तावा’ ठरे. पडीत मोडणारा कास्तकार या इस्ताव्यावर जगे, पण त्याचे नाव गावाबाहेरच्या कागदात क्वचितच येई. बंदोबस्ताने पाटलाला मालगुजार म्हणजे गावाचा मालक केले, आणि त्याच झटक्यात कोणते वावर कोण वाहतो याची यादीही तयार झाली. म्हणजे या भागातल्या सामान्य कास्तकाराचा कागदोपत्री इतिहास १८६० च्या दशकात उघडतो. त्यामागे फक्त एक पिढी जाता येते, ती ‘वल्द’, म्हणजे ‘चा मुलगा’, या शब्दामुळे.

बंदोबस्ताची मिसल, म्हणजे गावाच्या कागदांचा संच, हाती येते ती लाल कापडाच्या बस्त्यात. कापड सोडताना धूळ उडते, आणि कडा इतक्या ठिसूळ झालेल्या असतात की पान उलटताना बोट मधोमध ठेवावे लागते. मजकूर मोडीत. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. त्यामुळे एकाच माणसाचे नाव तीन पानांवर तीन तऱ्हेने वाचले जाऊ शकते. भाषा मराठी, पण शब्द फारसी वळणाचे : ‘अमुक वल्द तमुक, कौम कुणबी, साकिन मौजे मजकूर’. आडनाव नसतेच. ज्या आडनावाने आज अख्खा मोहल्ला ओळखला जातो, ते या कागदांत कुठेही नाही. ते नंतर शाळेच्या आणि सातबाऱ्याच्या रकान्यांनी चिकटवले. आडनावावरून शोध घेणाऱ्याची पहिली फसगत इथे होते. लेखकाचा एक पूर्ण उन्हाळा त्यातच गेला, आणि एका कचेरीत दुसऱ्याच गावाच्या बस्त्याची नक्कल पैसे भरून घेतली गेली ती वेगळीच.

माणूस सापडत नसेल तेव्हा जमीन धरायची, हा नियम एका निवृत्त पटवाऱ्याने सांगितला आणि तो बरोबर निघाला. माणसाचे नाव बदलते, खसरा नंबरही प्रत्येक बंदोबस्तात आणि पुढच्या मोजणीत बदलतो, पण मातीचा वर्ग सहसा बदलत नाही. मध्य प्रांताच्या बंदोबस्तात माती काळी, मोरंड, खरडी, बरडी अशा वर्गांत लावलेली असे. शिवाय खसऱ्यात विहीर आणि फळझाडे नोंदलेली असत. घराण्याकडे आजही असलेल्या वावराच्या एका कोपऱ्यात बरडीची जीभ घुसलेली आहे. तिथे पऱ्हाटी गुडघ्याच्या वर येत नाही, आणि घरात त्या तुकड्याला ‘नकटं’ म्हणतात. धुऱ्यावर बुजलेली विहीर आहे. काळी-मोरंड जमीन, कोपऱ्यात बरडी आणि पूर्वेच्या धुऱ्यावर बांधलेली विहीर, असे वावर मिसलीत शोधले तेव्हा एकच सापडले. वाहणारे दोन भाऊ, समाईक. त्यांतल्या थोरल्याचे नाव म्हणजे आजोबांच्या आजोबांच्या वडिलांचे नाव, हे पुढे १८९० च्या दशकातल्या दुसऱ्या बंदोबस्ताच्या जमाबंदीवरून, म्हणजे सारा भरणाऱ्यांच्या यादीवरून, जुळले.

म्हणजे छप्पन्नच्या दुष्काळाआधी निदान पस्तीस वर्षे हे घराणे तेच वावर वाहत होते. काळही अनुकूल होता. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या वर्षांत तिथला कापूस इंग्लंडला पोचेना, आणि हिंगणघाटच्या कापसाला, ज्याचे नाव व्यापारात आधीपासूनच होते, चढा भाव आला. हे भाऊ त्या भावाने सुधारले की नाही, हे खसरा सांगत नाही. पण विहीर बांधलेली होती, आणि बांधलेली विहीर ही गरिबाची वस्तू नव्हे.

कास्तकाराचा हक्क ‘मौरूसी’, म्हणजे वारसाने चालणारा असला तर वंशावळ लिहिणाऱ्याचे भाग्य. असा कास्तकार मेला की त्याच्या जागी वारसाचे नाव चढे, आणि ती नोंद म्हणजे आयती बाप-लेकाची कडी. ज्यांना असा हक्क नव्हता त्यांची नावे येतात आणि दोन-चार वर्षांत नाहीशी होतात. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती ते या कागदांत मुळीच नाहीत. समाईक वावरातला धाकटा भाऊ असाच नाहीसा झाला. तो मेला, दुसऱ्या गावी गेला, की फक्त वाटणी घेऊन बाजूला झाला, हे जमाबंदी सांगत नाही. त्याचा माग वीस मैलांच्या आतल्या दुसऱ्या एका गावच्या कोतवाल बुकात लागला.

कोतवाल बुक हा या सगळ्या साधनांतला सर्वांत जिवंत कागद. मध्य प्रांतात गावचा कोतवाल जन्ममृत्यू टिपून ठेवी आणि ठरलेल्या वारी पोलीस ठाण्यात जाऊन कळवी. तो स्वतः लिहिता असेलच असे नव्हे. मजकूर दुसऱ्याकडून लिहवून घेतलेला दिसतो, आणि हस्ताक्षर महिन्यामहिन्याला बदलते. जन्माच्या नोंदीत बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते. नाव ठेवण्याआधीच नोंद झालेली असते. मरणाच्या नोंदीत वय अंदाजे आणि कारण एका शब्दात : ताप, हगवण, देवी, साप. वर्षाकाठी काही पानांत मावणारे अल्लीपूरचे हे बुक १९१८ च्या शरदात एकाएकी फुगते. इन्फ्लुएंझाची साथ मध्य प्रांतात अतिशय जोराने आली होती. दसऱ्यानंतरच्या पानांवर ‘ताप’, ‘ताप’, ‘ताप’ अशी एकाखाली एक ओळ, आणि काही ठिकाणी वरच्या शब्दाखाली नुसती खूण. त्या ओळींत आजोबांचे वडील सापडले. वय अंदाजे तीस. शाळेच्या रजिस्टरात होते तेच नाव.

आजोबा तेव्हा चार वर्षांचे होते. घरात वडील म्हणून ज्याचे नाव सांगितले जात होते तो त्यांचा चुलता. त्याने त्यांना वाढवले, आणि पोर त्यालाच ‘बाबा’ म्हणू लागले. इथवर गोष्ट सोपी आहे. पण नंतरच्या जमाबंदीत त्या वावरापुढे चुलत्याचे नाव नाही. तिथे आहे ‘बेवा’, म्हणजे मृताची विधवा, आणि तिच्यामागे ‘नाबालिग’ मुलाचा उल्लेख. आजोबा सज्ञान होईपर्यंत सारा तिच्या नावाने भरला गेला. या बाईचे नाव घरात कोणालाही ठाऊक नव्हते. श्राद्धात नाही, घागरीला नाही, देव्हाऱ्यातल्या टाकातही नाही.

कुणब्यांत पाटाची चाल होती. तिशीच्या आतली विधवा दुसरा नवरा करू शकत होती. मात्र १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्यात एक कलम असे होते की पुनर्विवाह करणारीचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क संपतो. पाट लावणाऱ्या जातींना ते कलम लागू होते की नाही यावर वेगवेगळ्या उच्च न्यायालयांचे निरनिराळे निवाडे झाले, पण अल्लीपूरच्या एका घरात ते निवाडे कोणी वाचलेले नसणार. पाट लावला तर वावर दिराकडे जाईल, एवढे तिला कोणीतरी सांगितले असावे. ती राहिली, आणि वावर राहिले. हा तर्क आहे, कागद नव्हे. तरी जमाबंदीतले एकामागून एक सालांचे ‘बेवा’ पाहिल्यावर दुसरा तर्क सुचत नाही.

मग वर्धा ओलांडून आलेल्या बंडीचे काय? ती खोटी नव्हती, फक्त दुसऱ्या घरची होती. घरात गोष्टी सांगणारी होती आजी, आणि तिचे माहेर खरोखरच वऱ्हाडातून आलेले. तिने नातवंडांना आपल्या आजोबांची गोष्ट सांगितली. नातवंडांनी ‘आपला मूळ पुरुष’ असे ऐकले आणि बापाच्या वंशाला ती बंडी जोडून टाकली. बियाण्याच्या गोणीचा तपशील, ती अंबाडीच्या दोरीने शिवलेली होती हा, आजीच्या माहेरच्या एका म्हाताऱ्या भाच्याने न विचारता सांगितला, तेव्हा शंका उरली नाही.

बाकीची साधने इथे थोडक्यात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावाप्रमाणे यजमानांची नावे असतात, पण ज्याच्या घरातले कोणी अस्थी घेऊन तिथवर गेले त्याचीच. या घराण्याची रक्षा बहुधा जवळच्या नदीतच गेली. भाटांच्या वह्या रंजक असतात आणि चार-पाच पिढ्यांनंतर राजस्थानात पोचतात. तिरळे कुणबी तिकडच्या ‘थेरोल’हून आलेले राजपूत, अशी परंपरा रसेल या इंग्रज अधिकाऱ्याने मध्य प्रांतातल्या जातींवरच्या १९१६ च्या आपल्या ग्रंथात नोंदवली आहे. ती परंपरा म्हणून ठेवावी, वंशावळीत ओढू नये.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि ३१ मार्च १९५१ पासून गावे सरकारकडे आली. त्यानंतर तयार झालेला १९५४-५५ चा अधिकार अभिलेख हा जुन्या खसऱ्यांना आजच्या सातबाऱ्याशी जोडणारा सांधा आहे. नवख्याने शोध याच कागदापासून उलटा सुरू करावा. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी जुने दप्तर मोठ्या प्रमाणावर तपासले आणि स्कॅन केले गेले, त्यामुळे पूर्वी बस्ता सोडावा लागे ते काही कागद आता पडद्यावर दिसतात. मोडी मात्र पडद्यावरही मोडीच राहते.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर फेरफाराच्या वहीत मुली दिसू लागतात. आजोबांच्या मृत्यूनंतरच्या फेरफारात तीन मुलगे आणि दोन मुली अशी पाच नावे एकाखाली एक चढली आहेत. लगेच पुढच्या फेरफारात हक्कसोडपत्रान्वये दोन कमी झाली. आत्यांची नावे वावरावर होती ती सात महिने.

वैधतेच्या अर्जाला जोडलेली वंशावळ पणजोबापासून खाली, पुरुषांच्या रेघेने, एका पानात बसते. घरची प्रत ड्रॉइंगच्या तीन कागदांना चिकटवून केलेली आहे. तिच्यात धाकट्या भावाची दुसऱ्या गावची शाखा डावीकडे आणि आजीचे माहेर बंडीसह उजवीकडे आहे. आजोबांच्या वडिलांच्या चौकटीशेजारी ‘बेवा’ची चौकट असून जमाबंदीतून उतरवलेले तिचे नाव तिच्यात लिहिलेले आहे. मोडीतल्या त्या चार अक्षरांतले तिसरे अक्षर दोन तऱ्हेने वाचता येते, म्हणून तेवढे पेन्सिलीने लिहिले आहे.